पलंग, ताटं आणि साडेसहा हजार सायकली

सुरूर फाट्याजवळच्या एका टपरीवर मी शिक्का आणि पॅड घेऊन बसलो होतो. २०१८ सालचा पावसाळा नुकताच संपला होता. शनिवारची रात्र सरून रविवार लागला होता आणि घड्याळात दीड वाजला होता. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून निघालेले सायकलस्वार कोल्हापूरच्याही पुढे जाऊन परतत होते. एकूण अंतर ६०० किलोमीटर, वेळ ४० तास. एकेकजण अंधारातून लुकलुकत यायचा, सायकल भिंतीला टेकवायचा, गळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं कार्ड काढून माझ्यापुढे धरायचा. मी शिक्का मारून वेळ लिहायचो. मग तो चहा मागायचा, एक संपायच्या आत दुसरा सांगायचा, आणि बाकावर बसल्याबसल्या झोपून जायचा.

टपरीवाल्या मामांना हा प्रकार नवा होता. थोडा वेळ बघून त्यांनी विचारलं, "साहेब, ही शर्यत कुठली?"

"शर्यत नाही मामा. वेळेत परत आलं की झालं."

"मग पहिला नंबर?"

"नाही काढत."

"आन् बक्षीस?"

"मेडल मिळतं. पण त्याचे पैसे भरावे लागतात."

मामांनी पातेल्यातला चहा ढवळला. "म्हंजी पैसे भरून रात्रभर जागायचं," एवढंच म्हणाले आणि गाळणं हातात घेतलं.

मी त्यांना वीसेक जण येतील असं सांगून ठेवलं होतं. पहाटेपर्यंत त्याच्या दुपटीहून जास्त आले. तीन वाजता दूध संपलं. नंतरच्यांना कोरा चहा आणि पार्ले-जी मिळालं. एकाने तर मिठाच्या पाण्यात ग्लुकोजची पूड ढवळून घेतली आणि निघाला.

माणसं एवढी का वाढली, याचं कारण पुण्यात किंवा साताऱ्यात नव्हतं. ते पॅरिसमधल्या एका क्लबच्या नियमात होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस होणार होती. तिथे जागा कुणाला आधी मिळणार, हे प्रत्येकाने २०१८ मध्ये एका दमात सर्वांत लांब कुठली राइड पूर्ण केली यावर ठरणार होतं. म्हणजे माझ्यासमोर बाकावर तोंड उघडं टाकून झोपलेला एक बँकेतला माणूस खरं तर रांगेत उभा होता. रांगेचं तोंड सात हजार किलोमीटर दूर होतं.

ही पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस म्हणजे सायकलवाल्यांच्या बोलीत पीबीपी. पॅरिसच्या बाजूने निघायचं, फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनीतल्या ब्रेस्ट या बंदराला जायचं आणि परत यायचं. अंतर बाराशे किलोमीटरच्या वर आणि सर्वांत सैल मुदत ९० तासांची. खाणं, झोप, पंक्चर, रडणं, सगळं त्या ९० तासांत बसवायचं. १८९१ मध्ये 'ल पती झुर्नाल' या वर्तमानपत्राच्या पिएर जिफार यांनी ती भरवली तेव्हा ती चक्क शर्यत होती. दोनशेच्या वर लोक निघाले आणि त्यांतले जेमतेम निम्मे परतले. शार्ल तेराँ जिंकला, ७१ तास २२ मिनिटांत. त्याच्या पुढे असलेला झिएल-लावाल तिसऱ्या रात्री झोपला आणि तेराँ न झोपता त्याला ओलांडून गेला. या एका डुलकीवर नंतर वर्षानुवर्षं बोललं गेलं. त्या शर्यतीलाही दार होतंच, फक्त फ्रेंच माणसांनाच भाग घेता येत होता. जागा अपुऱ्या होत्या म्हणून तो नियम आलेला नव्हता. आपल्या देशाच्या सायकली आणि आपले गडी मिरवायचे होते, एवढंच.

शर्यत दर दहा वर्षांनी होई. एवढ्या लांबीची शर्यत पळायला व्यावसायिक खेळाडू वरचेवर तयार होत नसत, आणि पुढे पुढे दहा वर्षांनीही तयार होईनात. १९५१ नंतर ती शर्यत म्हणून बंदच पडली. तिला जिवंत ठेवलं हौशी लोकांनी. १९०४ साली स्थापन झालेल्या ऑडॅक्स क्लब पारिझिअँ या क्लबने १९२१ पासून आपल्या वेगाने, आपल्या जबाबदारीवर करायच्या लांब राइड सुरू केल्या होत्या आणि १९३१ मध्ये त्यांनी असे हौशी स्वारही ब्रेस्टच्या वाटेला लावले. याच राइडना आपल्याकडे बीआरएम म्हणतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस, १००० ला पंचाहत्तर. पहिल्या चारही एका हंगामात पूर्ण केल्या की माणूस 'एसआर' होतो, म्हणजे सुपर रँदोनर. जगात कुठेही केलेल्या प्रत्येक बीआरएमचं कार्ड शेवटी पॅरिसच्या वहीत चढतं आणि त्याला स्वतःचा क्रमांक मिळतो. सुरूर फाट्यावर मी मारलेला शिक्काही त्या वहीत गेला असणार, शाई जरा फिकी असली तरी.

१९७५ पासून पीबीपी दर चार वर्षांनी होते. तेव्हा निघणारे शेकड्यांत मोजता येत होते. १९९१ च्या शताब्दीला ते तीन हजारांच्या वर गेले, २००७ ला पाच हजारांच्या वर आणि २०१९ ला साडेसहा हजारांच्या आसपास. एसआर पूर्ण केलं की पीबीपीला जाता येतं, हा जुना सरळ हिशोब इथे कोलमडला. जगभर एसआर करणारे इतके वाढले की पात्र माणसं जास्त आणि जागा कमी.

आता कुणालाही वाटेल की रस्ता सार्वजनिक आहे, वाहतूक बंद करायची नाही, प्रत्येकाने आपापल्या वेगाने जायचं आहे, मग साडेसहा हजारांच्या जागी दहा हजार गेले तर बिघडलं कुठे? मलाही बरीच वर्षं हेच वाटायचं. मामांचं दूध संपलं त्या रात्री कळायला लागलं.

पीबीपीच्या वाटेवर दर ऐंशी-शंभर किलोमीटरवर एक थांबा असतो. मोर्तान्य, व्हिलेन-ला-झुएल, फुझेर, टँतेन्याक, लुदेआक, कारे अशी ही गावं. लहान गावं, आपल्याकडच्या तालुक्याच्या ठिकाणापेक्षाही लहान. तिथे थांबा म्हणजे बहुधा गावातली शाळा. शाळेच्या खानावळीत सूप, पास्ता आणि कुस्करलेला बटाटा, व्यायामशाळेच्या जमिनीवर रांगेने खाटा किंवा गाद्या, वर्गात डॉक्टर. झोपायला जाताना तिथल्या स्वयंसेवकाला वेळ सांगायची, तो कागदावर लिहून घेतो आणि त्या वेळी अंधारात टॉर्च घेऊन येतो आणि तुमच्या पायाला हलवून उठवतो. उठलात की ती खाट गार व्हायच्या आत दुसरा तिच्यावर पडतो. या सगळ्यासाठी गावातले निवृत्त लोक, शिक्षक, बायका, पोरं राबतात. व्हिलेनमध्ये शाळकरी पोरं थकलेल्या स्वाराचं ताट उचलून त्याच्या टेबलापर्यंत नेतात. इतकं प्रेम मिळाल्यावर रडू आल्याचं सांगणारे मला दोघेतिघे भेटलेत. चांगले दणकट लोक.

तर या सोहळ्याची खरी रुंदी इथे ठरते. लुदेआकच्या खाटा, व्हिलेनचे ताटं उचलणारे हात, शौचालयांची संख्या. वर आणखी एक अडचण आहे. स्वार तीनशे-तीनशेच्या तुकड्यांनी, पंधरा-पंधरा मिनिटांनी सोडतात. सहा हजारांना सोडायलाच पाच तास लागतात. पण मागून सुटलेल्या वेगवान तुकड्यांनी पुढच्यांना गाठलं, की वाटेत कुठेतरी गाठ बसते. एकाच थांब्यावर एकाच वेळी हजारभर माणसं उभी राहतात. रांगेत गेलेला अर्धा तास ९० तासांतूनच वजा होतो. तुम्ही सायकल जोरात मारून कमावलेली वीस मिनिटं पास्त्याच्या रांगेत देऊन येता. म्हणून आयोजकांना माणसांची बेरीज पुरत नाही. कुठल्या तासाला कुठे किती, हे बघावं लागतं. वारीत मुक्कामाच्या गावाला हे गणित पाठ असतं. माउलींच्या सोहळ्यात रथाच्या पुढच्या-मागच्या दिंड्यांना क्रमांक ठरलेले असतात आणि प्रत्येकीचा तळ ठरलेला असतो, त्यामागे मानापमान आहेत तसाच हा व्यवहारही आहे.

जागा मर्यादित आहेत हे मान्य केलं की पुढचा प्रश्न येतो तो वाटपाचा. हा प्रश्न मला सायकलीपेक्षाही रंजक वाटतो. कारण वाटपाची पद्धत बदलली की त्या राइडला येणारी माणसं बदलतात, आणि आधीची दोन-तीन वर्षं ती माणसं काय करतात तेही बदलतं.

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे जो आधी येईल त्याला. आपण तत्काळ तिकिटासाठी दहा वाजता बोटं परजून बसतो, तीच. आयोजकाला यात काहीच ठरवावं लागत नाही. पण ही पद्धत निवडते ती फक्त चांगलं इंटरनेट असलेल्या आणि त्या घटकेला मोकळ्या असलेल्या माणसाला. तो सायकल चालवू शकतो का, याच्याशी तिचा संबंध नाही. हिवाळ्यात फ्रान्समध्ये मध्यरात्र असते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार आणि कॅलिफोर्नियात आदल्या दिवसाची दुपार. एकाच्या झोपेची वेळ ती दुसऱ्याच्या कामाची. शिवाय घाईत माणूस विचार न करता जागा धरून ठेवतो. नंतर बघू म्हणतो. मग ऐनवेळी गळती.

दुसरी पद्धत सोडत. तिचं ठळक उदाहरण उत्तर इटलीत आहे, मारातोना द्लेस डोलोमीतेस. १९८७ मध्ये पहिल्यांदा झाली तेव्हा १६६ लोक होते. आता जागा नऊ हजारांच्या आसपास आणि अर्ज तीस हजारांच्या वर. मुख्य मार्ग १३८ किलोमीटरचा, वाटेत सात घाट आणि एकूण चढ चार हजार मीटरच्या वर. तिथे मर्यादा येते ती रस्त्यामुळेच, कारण जुलैतल्या एका रविवारी हे घाट गाड्यांना बंद ठेवतात. ऐन पर्यटनाच्या हंगामात डोंगरातले रस्ते बंद ठेवायचे म्हणजे हॉटेलवाले, गावकरी, पोलीस, सगळ्यांची मनधरणी. एका सकाळपेक्षा जास्त कुणी देणार नाही.

सोडतीचं गणित करून बघा. दहा अर्जांत तीन जागा धरल्या तर तुम्हाला यंदा नकार मिळायची शक्यता ७० टक्के. सलग तीन वर्षं नकार मिळायची शक्यता ०.७ गुणिले ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ३४ टक्के. शंभर माणसांनी दरवर्षी नेमाने अर्ज केला तर तीन वर्षांनंतरही त्यांतले चौतीस जण घरीच. आणि चार मित्रांनी वेगवेगळे अर्ज केले तर चौघांचाही नंबर एकाच वर्षी लागण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी. मैत्री टिकवायची तर गटाने एकच अर्ज करायला हवा, म्हणजे सगळे आत किंवा सगळे बाहेर. सोडत प्रामाणिक असते, तिला ओळखपाळख कळत नाही. पण तिला तयारीही कळत नाही. चार वर्षं घाट चढून पाय कमावलेला आणि काल सायकल घेतलेला तिच्या पुढे सारखेच.

सोडतीत हुकलेल्यांसाठी बहुतेक ठिकाणी बाजूला एक दार ठेवलेलं असतं. तिथे पैसे लागतात. मारातोनात काही जागा धर्मादाय कामासाठी जास्त दराने दिल्या जातात. लंडन ऑलिंपिकनंतर २०१३ मध्ये सुरू झालेल्या राइडलंडनमध्ये सेवाभावी संस्थांच्या वाट्याला जागा असत. तुम्ही संस्थेसाठी इतकी देणगी गोळा करून देईन असं कबूल करायचं आणि जागा घ्यायची. टूर द फ्रान्सचा एक टप्पा हौशी लोकांना बंद रस्त्यावर चालवायला देणारी लेताप द्यु तूर १९९३ पासून आहे. तिच्या पंधराएक हजार जागांमध्ये काही प्रवासी कंपन्यांकडे असतात, हॉटेल आणि बससकट. यात बेकायदा काही नाही. देणगी चांगल्या कामाला जाते हेही खरं. तरीही मला हे दार आवडत नाही. पंढरपूरच्या रांगेशेजारी व्हीआयपी दर्शनाचं फाटक असतं, त्याकडे बघताना रांगेतल्या माणसाच्या पोटात जे होतं तेच इथे होतं.

तिसरी वाट ब्रिटनमधल्या लंडन-एडिंबरा-लंडनने काढली, आणि माझं मत विचाराल तर हीच सगळ्यांत शहाणी. १९८९ पासून साधारण चार वर्षांनी होणारी ही राइड चौदाशे-पंधराशे किलोमीटरची आहे. तिला एसआर लागत नाही, आणि जागा दीड-दोन हजार. बऱ्याचशा जागा सोडतीने जातात, पण आधीच्या खेपेला ज्याने स्वयंसेवक म्हणून काम केलं त्याला पुढच्या वेळी हक्काची जागा. म्हणजे चार वर्षं आधी कुठल्यातरी शाळेच्या स्वयंपाकघरात रात्रभर बशा धुवायच्या. यात आयोजकाची दोन्हीकडून सोय होते. हात मिळतात, आणि जो स्वार पुढच्या वेळी रांगेत उभा राहतो त्याला रांगेपलीकडच्या माणसाची पाठ किती दुखत असते हे माहीत असतं. सूप गार आहे म्हणून तो ओरडत नाही. अर्थात एवढं करूनही निसर्ग आडवा येऊ शकतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिस वादळ आलं आणि राइड ऐन मध्यावर थांबवावी लागली. आधीच्या खेपेला धुतलेल्या बशा तशाच राहिल्या.

पीबीपीने सेवा, सोडत किंवा पैसा यांतलं काहीच मुख्य निकष म्हणून घेतलं नाही. तिने श्रम घेतले. २०११ पासून पद्धत अशी आहे की आदल्या वर्षी ज्याने हजार किंवा त्याहून जास्त किलोमीटरची राइड पूर्ण केली त्याला जानेवारीत सर्वांत आधी नाव नोंदवता येतं. मग पंधरा दिवसांनी सहाशेवाल्यांना, मग चारशेवाल्यांना, मग तीनशे, मग दोनशे. आधी येणाऱ्याला सुटायची वेळही आपल्या पसंतीने निवडता येते. आणि एवढ्यावर संपत नाही. नाव नोंदवल्यावर त्याच वर्षी, पीबीपी सुटायच्या आत, एसआरच्या चारही राइड पुन्हा पूर्ण करायच्या. न जमल्या तर जागा गेली.

हा नियम कागदावर निर्मळ आहे. घराणं नको, ओळख नको, नशीब नको. पण त्याचा परिणाम बघा. ज्याला पीबीपी करायची त्याला आता बारा महिने आधी नव्हे, दोन वर्षं आधी ठरवावं लागतं. मग पीबीपीच्या आदल्या वर्षी जगभर हजाराच्या आणि सहाशेच्या राइडना गर्दी होते. ज्या क्लबांनी कधी हजाराची राइड भरवली नाही ते भरवू लागतात, कारण त्यांच्या सभासदांना ती हवी असते. आणि ही राइड ज्याला वेळ आहे त्याचीच. पंचाहत्तर तास म्हणजे तीन दिवस, वर जायचा-यायचा दिवस. घरी तान्हं मूल असलेल्या बाईला, रविवारीही दुकान उघडणाऱ्या माणसाला, पाळीत काम करणाऱ्या नर्सला ते जमणं कठीण. नियमात कुठेही असं लिहिलेलं नाही, पण शेवटी रांगेत पुढे दिसतात ते पन्नाशीचे, पोरं मार्गी लागलेली, रजा शिल्लक असलेले पुरुष. मीही त्यातलाच, त्यामुळे तक्रार करायचा मला हक्क नाही.

आता आपल्याकडे येऊ. बीआरएम भारतात रुजली ती २०१० नंतर. पुण्याच्या दिव्या ताटे यांच्या पुढाकाराने ऑडॅक्स इंडिया रँदोनर्सचं जाळं वाढलं आणि बघता बघता मुंबई-कसारा-इगतपुरी, पुणे-सातारा-कोल्हापूर, नागपूर, नाशिक असे मार्ग पक्के झाले. नियम पॅरिसचा, पण अंमल अस्सल देशी. जिथे स्वयंसेवक नसेल तिथे पेट्रोल पंपाची पावती, एटीएमची चिठ्ठी किंवा ढाब्याचं बिल हाच पुरावा. रात्री चमकणारं जाकीट सक्तीचं. फी किरकोळ. पीबीपीला २०११ मध्ये भारतातून गेलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, २०१९ ला तो आकडा तीनशेच्या घरात पोचला. आठ वर्षांतली ही वाढ बघून फ्रेंच लोकांनाही नवल वाटलं असेल.

आणि मग २०१९ चा तो ऑगस्ट. ब्रिटनीत समोरून वारा होता आणि रात्री हाडं गोठवणारी थंडी. भारतातून गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण वेळेत परतू शकले नाहीत. सायकलवाल्यांच्या भाषेत 'डीएनएफ'. परत आल्यावर गटागटात खूप चर्चा झाली. कुणी व्हिसाच्या धावपळीला दोष दिला, कुणी शाकाहारी जेवण न मिळण्याला, कुणी झोपेला. माझ्या मते मूळ वेगळं होतं. गाळणी ज्यासाठी विणलेली असते तेच ती गाळते. आपल्या एसआरने माणसाला सपाट, रुंद महामार्गावर, उकाड्यात, ढाब्याच्या भरवशावर टिकण्यासाठी पारखलं होतं. फ्रान्सचा रस्ता तसा नाही. तिथे खंबाटकीसारखा एकही मोठा घाट नाही, पण बाराशे किलोमीटरभर सतत चढ-उतार, चढ-उतार, आणि ते सगळे मिळून अकरा-बारा हजार मीटर भरतात. रात्री एक वाजता खेड्यात सगळी दारं बंद असतात. आपल्याकडे महामार्गावर कुठल्याही वेळी कुणीतरी चहा ठेवतंच, त्याची इतकी सवय झालेली असते की अंधारात दहा किलोमीटर एकही दिवा दिसला नाही की अर्धा धीर तिथेच सुटतो. दार ओलांडायला जे कसब लागतं आणि आत गेल्यावर जे लागतं, ती दोन वेगळी असतात. प्रवेश परीक्षेची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे फार समजावून सांगायला नको.

सगळ्यांनीच दार बसवलेलं नाही. लंडनहून सफोकच्या किनाऱ्यावरच्या डनिच गावापर्यंत जुलैतल्या पौर्णिमेच्या आसपासच्या शनिवारी रात्री हजारो लोक सायकलने जातात. नाव नोंदवायचं नाही, फी नाही, नंबर नाही, आयोजक असा कुणी नाही. संध्याकाळी लंडन फील्ड्सच्या मैदानाजवळ जमायचं आणि निघायचं. १९९० च्या दशकापासून हे चालू आहे. मजा अशी की बरीच वर्षं त्यात एकच तिकीट काढावं लागे, ते परतीच्या बसचं. समुद्राकाठी पोचलेल्या माणसाला आणि सायकलीला लंडनला परत कोण आणणार? तिथे जागा मोजक्या, म्हणून तिथे तिकीट.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९७३ मध्ये दोन पत्रकारांनी आपल्या सदरातून सहज लिहिलं की आम्ही राज्य आडवं पार करतोय, हवं तर या. तीनेकशे लोक निघाले, त्यात ८३ वर्षांचे एक आजोबाही होते आणि ते शेवटपर्यंत गेले. त्यातून रॅगब्राय ही आठवडाभराची राइड उभी राहिली. पुढे गर्दी एवढी झाली की आठवडाभराच्या जागा साडेआठ हजारांवर थांबवून सोडत काढावी लागली. आणि तरीही दरवर्षी काही लोक नोंदणी न करता सरळ रस्त्यावर सायकल घालतातच. तिथे त्यांना 'बँडिट' म्हणतात, म्हणजे दरोडेखोर. सार्वजनिक रस्त्याला कुंपण घालता येत नाही, त्यामुळे त्यांना हटकता येत नाही. पण ज्या गावी मुक्काम, तिथल्या पाण्याच्या टाकीला आणि संडासाला नोंदणीवाला आणि दरोडेखोर यांतला फरक कळत नाही. टाकी दोघांमुळे सारखीच रिकामी होते.

मी स्वतः पीबीपीला गेलेलो नाही. दोनशे आणि तीनशे केल्यात, चारशेच्या वाटेवर एकदा गुडघ्याने नाही म्हटलं. तेव्हापासून मी शिक्क्याच्या बाजूला बसतो. चार वर्षांचा क्रम टिकला तर पुढची पीबीपी २०२७ ला, म्हणजे तिची रांग २०२६ मध्ये लागणार. त्या वर्षासाठी आमच्या क्लबने पुन्हा एकदा सहाशेची राइड त्याच वाटेने काढायचं ठरवलं, तेव्हा मी सुरूरच्या टपरीवर आधीच जाऊन आलो. मामा आता थकले होते, पातेल्यापाशी त्यांचा मुलगा उभा होता. मी कशासाठी आलोय हे सांगितल्यावर मामा हसले.

"ते पैसे भरून जागनारे?"

"तेच."

"या की. पन यंदा किती जनं, ते आठ दिवस आधी सांगा," मामा म्हणाले. "मागल्या टायमाला वीस सांगितलं आन् पन्नास आनलं. दूध सांगून ठेवावं लागतं."